पूरतटबंधांचे स्थितिपरीक्षण

नदीकाठच्या ग्रामीण वस्तीला पुरापासून वाचवणारे मातीचे तटबंध अपेक्षित पूर पेलतील की नाही, हे ठरवण्याची अभियांत्रिकी प्रक्रिया. धरणामागे बहुधा बारमाही पाणी असते, म्हणून त्याचे दोष लवकर उघडे पडतात. तटबंध मात्र वर्षानुवर्षे कोरडा असतो आणि त्याची कसोटी मोजक्या दिवसांतच लागते. त्यातून जुने ग्रामीण तटबंध अनेकदा जवळपासची माती टाकून टप्प्याटप्प्याने उंचावलेले असतात; त्यांच्या पोटात काय भरले आहे, याची नोंद क्वचितच सापडते.

प्रथम माथ्याचे तलांक, म्हणजे ठिकठिकाणची उंची, मोजतात, कारण पाणी खचलेल्या जागेवरूनच आधी ओसंडते आणि गावाकडचा उतार कापत जाते. अमेरिकेत पूरविम्याच्या नकाशांत तटबंधाला मान्यता मिळण्यासाठी नदीवरील तटबंधाचा माथा १ टक्का वार्षिक संभाव्यतेच्या पूरपातळीहून किमान ३ फूट उंच असावा लागतो. या पुराला ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते.

मात्र उंची म्हणजे मजबुती नव्हे. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील सतराव्या रस्त्याच्या कालव्याची पूरभिंत पाणी माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच, खालच्या मऊ चिकणमातीमुळे सरकली. २००३ मध्ये नेदरलँड्समधील विल्निस येथे तर दुष्काळात वाळून हलका झालेला पीटमातीचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा) बांध घसरला.

सर्वांत कपटी धोका पायाखालच्या पाझराचा. जुन्या नदीपात्राच्या वाळूवर तटबंध उभा असेल, तर पुराच्या दाबाने पाणी गावाकडच्या पायथ्याशी उमाळ्यासारखे वर येते. ते स्वच्छ असेल तर लक्ष ठेवणे बहुधा पुरते. गढूळ असेल, तर पाया आतून वाहून जात असतो. असा उमाळा बुजवीत नाहीत, कारण दाब दुसरीकडे वाट काढतो. भोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचून, माती येणे थांबेपर्यंत आतील पाणी चढू देतात. पूर ओसरल्यावर या खुणा पुसल्या जातात. म्हणून ऐन पुरात गस्त घालणाऱ्यांनी जागा व वेळेसह केलेल्या नोंदी आणि वृद्ध रहिवाशांच्या आठवणी हा परीक्षणाचा मोलाचा पुरावा ठरतो. खालची माती तपासण्यासाठीची वेधनछिद्रे कोठे घ्यावीत, हेही त्यावरून ठरवता येते.

उतारांवरील भेगा, प्राण्यांची बिळे आणि झाडांची मुळे दिसावीत यासाठी पाहणीपूर्वी गवत कापतात. तटबंधातून जाणाऱ्या मोऱ्या स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात: नळाभोवतीची माती नीट दाबलेली नसते, आणि गंजलेली किंवा काडीकचरा अडकलेली झडप उघडी राहिली, तर तटबंध शाबूत असूनही नदी त्याच नळातून गावात शिरते.