पार्श्वभूमी: साट्याची करंजी आणि डालड्याचा न मिटलेला वाद

ठाण्यात आणि नवी मुंबईत दिवाळीआधीचा एक रविवार अजूनही करंज्यांसाठी राखला जातो. चिवडा एकटीला जमतो, चकलीही रेटून नेता येते. साट्याच्या करंजीला, म्हणजे पदर सुटावेत म्हणून पोळ्यांमध्ये फेसलेलं तूप आणि पिठी (साटा) लावून केलेल्या करंजीला, मात्र किमान तिघं लागतात. लाटीला वारा लागला की ती सुकते, सुकलेली कड चिकटत नाही आणि न चिकटलेली करंजी तेलात उघडून सारण कढईभर करते. त्यामुळे एकाने लाटायचं, दुसऱ्याने भरून कातायचं (चाकाच्या कातण्याने कड कापायची), तिसऱ्याने तळायचं. नणंद-भावजया, शेजारी, कातण्यासाठी भांडणारी मुलं, सगळे जमतात ते या घाईपोटी.

सारण भरून मुडपलेले पदार्थ देशभर आहेत. गुजरातेत घुगरा, उत्तरेत गुजिया. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या कोळी घरांत नारळी पौर्णिमेला ओल्या नारळाची करंजी होते. गौरी निघताना मुरडीचा कानवला देतात तो तिने मुरडून पुन्हा यावं म्हणून. साट्याच्या करंजीला कडेची ही मुरड सोसत नाही. कडेला पदर दबून जाड गोळा होतो आणि तो आतून कच्चा राहतो. तिथे कातणंच बरं.

खरा तंटा साट्यात काय घालायचं याचा. डालडा हे वनस्पती तूप, म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं तेल, 1937 मध्ये बाजारात आलं आणि तुपापेक्षा कमी खर्चात सणाचं तळण करू पाहणाऱ्या घरांत रुळलं. पण स्वस्ताई हे अर्धंच कारण. तूप तिशीच्या पुढे पातळ व्हायला लागतं आणि आपल्याकडे ऑक्टोबरची दुपार सहज 33-34 अंशांवर जाते. पोळीवर लावलेला साटा वितळून कणकेत मुरला की पदर वेगळे राहतच नाहीत. वनस्पती तूप त्या उकाड्यातही बऱ्यापैकी घट्ट राहतं. त्यामुळे ‘डालड्याशिवाय पदर सुटत नाहीत’ हे जुन्या हातांचं म्हणणं अज्ञानातून आलेलं नव्हतं.

पुढे अर्धवट हायड्रोजन जोडलेल्या तेलातल्या ट्रान्स फॅटमुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं हे स्पष्ट झालं. देशात तेल-वनस्पतीतली ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा 2021 मध्ये 3 टक्के आणि 2022 मध्ये 2 टक्के झाली. म्हणजे आज मिळणारं वनस्पती पूर्वीचं नव्हे. तरीही घराघरांत वाद जुन्याच मुद्द्यावर घातला जातो, आणि डालडा नको म्हणणारेच तळणाचं तेच तेल चौथ्यांदा तापवतात!

तुपाने काम होतं, फक्त ते गार हवं. अर्धी वाटी घट्ट तूप परातीत, खाली बर्फाचं पाणी ठेवून, पांढरं होईपर्यंत फेसावं. त्यात तीन मोठे चमचे तांदळाची पिठी घालावी. थेंब पाण्यात टाकल्यावर तरंगला की साटा झाला. कॉर्नफ्लोर चालतो, पण खुसखुशीतपणा पिठीचाच. पारीसाठी बारीक रवा आणि मैदा एकेक वाटी, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, भिजवायला दूध. दोन तासांनी कुटून घ्यावं. तीन पातळ पोळ्या साटा लावत एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करावी, पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी. जास्त ठेवली तर साटा दगड होतो आणि लाटताना पारी फाटते. दोन सेंटिमीटरच्या लाट्या कापून कापलेली बाजू वर ठेवूनच लाटायच्या. आडव्या लाटल्या की पदर आत गडप. तेल फार तापलं तर पदर सुटण्याआधी रंग येतो, थंड असलं तर साटा सुटून तेलाला फेस येतो. मंद-मध्यम आच, वरून झाऱ्याने तेल उडवत राहायचं.

करंज्यांना बसणारी माणसं मात्र विखुरत गेली. 1970 नंतर नवी मुंबई उभी राहू लागली. चाळीची गॅलरी सोडून लोक वाशी, नेरूळच्या फ्लॅटमध्ये गेले. 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर नौपाड्यातली बहीण ऐरोलीला सकाळी जाऊन रात्री परत येऊ लागली. वाशीच्या मसाला मार्केटातून खोबरं-खसखस एकत्र आणून वाटून घेणं तेव्हापासून सोपं झालं. 2022 च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि लिटरभर पामतेल मिळालं. हे पामतेल पातळ असल्याने ते साट्याला नव्हे, तळणाला.

आता बचत गटांकडे किलोवर करंज्या मिळतात, पण बहुतेक बिनसाट्याच्या. पदर पॅकिंगमध्ये चुरतात. परदेशी पार्सलातही त्याच जातात, सुक्या खोबऱ्याच्या, पूर्ण गार झाल्यावर डब्यात उभ्या लावलेल्या. कोमट भरल्या तर वाफेने दोन दिवसांत मऊ पडतात. साट्याची हवी असेल तर घरीच बसावं लागतं.