वर्सोव्याला आलेला प्रकाश गल्लीत का अडतो?

भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलींपैकी बऱ्याच मुंबईत, त्यातही वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, वर येतात. त्यांच्या पोटातल्या काचेच्या तंतूंतून माहिती प्रकाशाच्या रूपाने सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावते. युरोपातून इथे यायला तिला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. मग मुंबईतल्याच गोवंडी किंवा मालवणीसारख्या दाट वस्तीत संध्याकाळी मुलांचा ऑनलाइन क्लास का अडखळतो?

अडचण शेवटच्या काहीशे मीटरांत आहे. पत्र्याची भिंत रेडिओलहरी परतवून लावते. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी भिंतीतून जाताना ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींपेक्षा जास्त क्षीण होतात. शिवाय मोबाइल टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, आणि दाट वस्तीत वाटेकरी फार. फायबरचे, म्हणजे घरापर्यंत आणलेल्या काचेच्या तंतूचेही वाटप होते, पण त्याची शिदोरीच मोठी. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका तंतूतून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट येतात. वीज न लागणारा छोटा स्प्लिटर ते ३२ घरांना वाटतो. सगळी घरे एकाच वेळी वापरू लागली, तरी प्रत्येकाला ७५ मेगाबिटच्या आसपास मिळतात. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणवायला २ मेगाबिट पुरतात!

म्हणजे तंत्रज्ञान तयार आहे, अडते ती वाट. रस्ता खणायची परवानगी, तो पूर्ववत करण्याचा खर्च, पावसाळ्यात खोदकामाला बंदी. या सगळ्यामुळे कंपन्या आधी उंच इमारतींच्या सोसायट्यांकडे वळतात. सरकारने स्वतः इंटरनेट विकण्यापेक्षा ही वाट बांधावी, असे मला ठामपणे वाटते. मुंबईत रस्त्यांचे काँक्रिटीकरण चालू आहे. त्याच वेळी खाली रिकामे पाइप टाकून ते सर्व कंपन्यांना सारख्या भाड्याने द्यावेत. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, प्रत्येक इमारतीत जिन्यालगत फायबरसाठी जागा सक्तीची करावी. काँक्रीट एकदा पडले की तेच काम कितीतरी महाग होते.

जिथे घरोघरी तार नेणे कठीण, तिथे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना उपयोगी आहे. तिच्यात किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकतो. दुकानदाराला जोडणीच महाग पडत असेल तर तो कशाला या भानगडीत पडेल? म्हणूनच जून २०२५ मध्ये ट्रायने अशा दुकानांसाठीच्या दरांवर मर्यादा घातली, ते योग्यच झाले.

दराचे जागतिक माप असे, की साधे ब्रॉडबँड दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावे. पण सरासरी उत्पन्न मुंबईसारख्या शहरात फसवते. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या कमाईवर हे गणित मांडून पाहायला हवे.

आणि जोडणी मिळाली, तरी दार उघडतेच असे नाही. केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्यांनी काय करायचे? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीत असे पर्याय ठेवायला सांगितले, की अपंग व्यक्तीही ते पूर्ण करू शकतील.