विंचवाचं बिऱ्हाड, पेन ड्राइव्हवर

‘गेम तोच, लाँचर नवा.’ पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या गेमच्या अपडेटची बातमी बऱ्याचदा एवढीच असते. लाँचर म्हणजे तो गेम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. आवृत्तीचा आकडा जुनाच, पुढे फक्त ‘रेव्ह २’, म्हणजे रिव्हिजन २, असं शेपूट. मग साहजिकच प्रश्न येतो, की गेममध्ये काही बदललंच नाही तर पुन्हा कशाला उतरवून घ्यायचा? गेम आपलं सामान कुठे ठेवतो हे बघितलं, की याचा उलगडा होतो. आणि त्या सामानाची गोष्ट तीसेक वर्षांची आहे.

गंमत अशी, की सुरुवातीला पीसीवरचे बहुतेक गेम पोर्टेबलच होते, फक्त तसं कुणी म्हणत नव्हतं. १९९० साली डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टमवर, आलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घ्या. एक फोल्डर, १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत मावणारा. तिसऱ्या टप्प्यापासून कंट्रोल आणि जी दाबलं, की त्याच फोल्डरमध्ये ‘प्रिन्स डॉट सॅव्ह’ नावाची चिमुकली फाइल तयार व्हायची. फ्लॉपी खिशात घालून मित्राकडे जा, राजपुत्र तिथून पुढे पळायला मोकळा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि हे बिऱ्हाड फुटलं. मायक्रोसॉफ्टने रजिस्ट्री नावाची एक सामाईक नोंदवही पुढे आणली आणि प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्या सेटिंग्ज तिथे लिहाव्यात असा रिवाज पडला. पुढे सेव्ह केलेले खेळ ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये जाऊ लागले, बाकीचं किडूकमिडूक ‘ॲप्लिकेशन डेटा’मध्ये. २००७ मध्ये विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीने कहरच केला. जुना गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला गेला, की विंडोज त्याला गुपचूप ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या दुसऱ्याच फोल्डरकडे वळवायचं. गेमला वाटे आपण घरातच लिहितोय, आणि सामान पडलेलं असे शेजारच्या ओट्यावर. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, पण फोल्डर उचलून नेणाऱ्याच्या हाती नुसत्या भिंती उरल्या.

त्याच सुमारास उचलून न्यायचं साधन मात्र स्वस्त होत गेलं. २००० च्या अखेरीस ८ एमबीचे पहिले पेन ड्राइव्ह बाजारात आले आणि दहा वर्षांच्या आत जळगाव-धुळ्याच्या मोबाइलच्या दुकानांत ते गळ्यात अडकवायच्या दोरीसकट टांगलेले दिसायला लागले. आमच्याकडे घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. सायबर कॅफे, एमएस-सीआयटीचा क्लास, कॉलेजची लॅब, फार तर नोकरीला लागलेल्या चुलतभावाचा पीसी. यंत्र दरवेळी दुसऱ्याचं आणि खेळ मात्र आपला. पोर्टेबल सॉफ्टवेअरची खरी गरज अशाच गावांना होती.

२००४ मध्ये जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स ब्राउझर पेन ड्राइव्हवरून चालेल असा बांधला आणि त्यातूनच पुढे पोर्टेबलॲप्स हा संग्रह उभा राहिला. सॅनडिस्क आणि एम-सिस्टम्स या कंपन्यांनी २००५ मध्ये पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम चालवण्यासाठी ‘यू३’ आणलं. त्यात पेन ड्राइव्हचा एक तुकडा स्वतःला सीडी असल्याचं भासवायचा, म्हणजे पीसीला लावताच त्याचा मेनू आपोआप उघडावा. हा ‘आपोआप’ शब्दच पुढे सगळ्यांना नडला. साध्या पेन ड्राइव्हवरच्या ऑटोरन फाइलचा रस्ता व्हायरसवाल्यांनी असा काही धरला, की विंडोज ७ मध्ये तो बंदच केला गेला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टावरही अपडेट पाठवून तिथेही त्याला कुलूप लागलं. यू३ त्याआधीच मागे पडलं होतं. टिकली ती हॅलर यांची साधी पद्धत. आपोआप काही नाही, लाँचरवर आपण स्वतः डबल क्लिक करायचा.

हा लाँचर म्हणजे मुळात एक हमाल. गेम सुरू होण्याआधी तो बघतो, की या पीसीवर त्याच गेमची आधीची कुणाची नोंद आहे का. असेल तर ती बाजूला ठेवतो, पेन ड्राइव्हवरच्या ‘डेटा’ फोल्डरमधून आपली नोंद रजिस्ट्रीत मांडतो, सेव्हचा फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये नेऊन ठेवतो आणि मग गेमला हाक मारतो. गेम बंद होईपर्यंत दाराशी बसून राहतो. बंद झाला, की सगळं उलट क्रमाने: आपलं सामान पेन ड्राइव्हवर, घरमालकाचं जागच्या जागी. आणखी एक काम कुणाच्या लक्षात येत नाही. पेन ड्राइव्ह घरी ‘ई’ असतो, लॅबमध्ये ‘जी’. गेमच्या सेटिंग्जमध्ये जिथे जिथे जुनं अक्षर आहे तिथे नवं घालायचं, हेही त्याच्याच गळ्यात.

यातली सगळ्यात नाजूक वेळ मधली, म्हणजे सामान दुसऱ्याच्या घरात मांडलेलं असतानाची. ती मी भोगली आहे. २०१० नंतरचं वर्ष, जळगावातलं एक कॉलेज. आम्ही दोघं ‘ओपनटीटीडी’ हा रेल्वेचा गेम खेळायचो आणि आमचा लाँचर म्हणजे मित्राने लिहिलेली अकरा ओळींची बॅच फाइल. सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये कॉपी कर, गेम चालव, तो संपेपर्यंत थांब, सेव्ह परत आण आणि डॉक्युमेंट्समधली पुसून टाक. स्टेशनांची नावं पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर, नंदुरबार. भुसावळला आठ फलाट आणि खपून बसवलेले सिग्नल. लॅब सांभाळणारे आप्पा दारातून म्हणाले, “चला भो, आटपा आता.” मी म्हटलं, “आप्पा, दोनच मिनिटं.” त्या दोन मिनिटांत भारनियमनाची वेळ झाली. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या. लाइट आले, पीसी सुरू झाला आणि सगळं कोरं. लॅबच्या यंत्रांवर ‘डीप फ्रीझ’ होतं, रीस्टार्ट झाला की जे काही नवं आलं ते पुसणारं. पेन ड्राइव्हवर उरली ती तीन दिवसांपूर्वीची सेव्ह. तिच्यात भुसावळ हे दोन फलाटांचं खेडं होतं.

लाँचरच्या नव्या आवृत्त्या बऱ्याचदा अशाच अपघातांसाठी निघतात. चांगला लाँचर मागच्या वेळी आपण नीट बंद झालो होतो का हे आधी तपासतो आणि नसेल, तर राहिलेली आवराआवर करून मगच पुढे जातो. विंडोज बदललं तरी लाँचर बदलावा लागतो. ६४ बिटी विंडोजने १६ बिटी प्रोग्रॅम चालवणं सोडलं, विंडोज ११ तर ३२ बिटी यंत्रांसाठी आलंच नाही. जुने डॉस गेम आजच्या विंडोजवर चालवणाऱ्या डॉसबॉक्सचं उदाहरण बोलकं आहे. ०.७४ ही आवृत्ती मे २०१० ची आणि ०.७४-३ थेट जून २०१९ ची. तेवढ्या काळात त्याच्याभोवतीचं विंडोज ७ पासून १० पर्यंत पोचलं. शिवाय अँटीव्हायरसची कटकट आहेच. रजिस्ट्रीत हात घालणारी, फायली हलवणारी लहानशी ईएक्सई त्याला चोरासारखीच दिसते, मग डिजिटल सही केलेली नवी फाइल द्यावी लागते. पोर्टेबलॲप्सच्या रचनेत अपडेट जुन्या फोल्डरवरच टाकायचं असतं. ‘ॲप’ बदलतं, ‘डेटा’ला हात लागत नाही. तरी आधी ‘डेटा’ची एक कॉपी काढून ठेवावी हे मी सांगणारच, कारण मला भुसावळ आठवतं.

मोठ्या गेमांचा रस्ता वेगळा झाला. पेन ड्राइव्हवर बऱ्याचदा असणाऱ्या एफएटी३२ या मांडणीत ४ जीबीची एक फाइल मावत नाही, आणि सेव्ह सांभाळायचं काम स्टीमसारख्या गेम विकणाऱ्या सेवांनी क्लाउडवर नेलं. त्यांची काळजी त्यांना.

ओपनटीटीडीचं मात्र एक सांगायचं राहिलं. कॉलेज सुटल्यावर कधीतरी मी त्या गेमची रीडमी फाइल पहिल्यांदा नीट वाचली. ज्या फोल्डरमधून गेम चालवतो तिथेच ‘ओपनटीटीडी डॉट सीएफजी’ नावाची फाइल असेल, तर तो सेव्हसकट सगळं तिथेच ठेवतो. कुठे हलवायचं नाही, परत आणायचं नाही. फाइल रिकामी असली तरी चालते. मी ती ओळ मित्राला पाठवली. त्याचं उत्तर आलं, “आप्पांना सांगू नको.”