पेंढ्यातलं इथेनॉल कुठे अडतं?

उसाच्या मळीत साखर आयतीच असते, यीस्ट टाकलं की काम सुरू. भाताच्या पेंढ्यातली साखर मात्र सेल्युलोजच्या साखळीत अडकलेली, आणि वरून लिग्निन या चिवट पदार्थाचा लेप. एक टन कोरड्या पेंढ्यात 370 किलो सेल्युलोज धरलं, तर त्यातून 411 किलो ग्लुकोज आणि जास्तीत जास्त 266 लिटर इथेनॉल निघायला हवं. हा कागदावरचा हिशेब. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्रार्पण झाला (तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं). दोन लाख टन पेंढ्यापासून वर्षाला तीन कोटी लिटर हे त्याचं उद्दिष्ट, म्हणजे टनामागे 150 लिटरच.

पेंढा आधी सौम्य आम्लात, दाबाखालच्या वाफेत, 160 ते 190 अंशांवर काही मिनिटं शिजवतात. कच्चा राहिला तर सेल्युलोजची साखळी तोडणाऱ्या एन्झाइमला आत शिरता येत नाही. जास्त शिजला तर साखरेचंच फरफ्युरल नावाचं रसायन होतं आणि ते यीस्टला बाधतं. पुढे 50 अंशांवर, पाचच्या आसपास सामू राखून, एन्झाइम दोन-तीन दिवस काम करतं. शिवाय पेंढ्यातल्या हेमिसेल्युलोज या दुसऱ्या घटकातली झायलोज ही साखर नेहमीचं यीस्ट खातच नाही. त्यासाठी जनुकं बदललेलं यीस्ट लागतं.

इथवरचं सगळं प्रयोगशाळेत जमतं, कारण तिथला पेंढा धुतलेला, वाळवलेला, मूठभर असतो. शेतातल्या गठ्ठ्यांत माती आणि खडे येतात, आणि पेंढ्यातल्या सिलिकाने पेंढा आत ढकलणारे लोखंडी स्क्रू झिजतात. हा स्क्रू पेंढा दाबून त्याचाच घट्ट बुचा बनवतो, म्हणून आतली वाफ कोंडून राहते. ओल कमीजास्त झाली की बुचा फुटतो, वाफ उलटी येते आणि अख्खी लाइन बंद. हे फ्लास्कमध्ये कधीच दिसत नाही. त्यासाठी मधल्या आकाराचा कारखानाच उभारावा लागतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून जैवऊर्जा केंद्र उभं राहिलं. त्याच्या पद्धतीवर रोज 10 टन कच्चा माल घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प 2016 मध्ये उत्तराखंडच्या काशीपूरला सुरू झाला, तो याच कामाचा.

अशा इथेनॉल प्रकल्पांना मदत देण्यासाठी फेब्रुवारी 2019 मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या प्रधानमंत्री जी-वन योजनेत 1969.50 कोटी रुपये होते. पैकी 1800 कोटी 12 व्यावसायिक प्रकल्पांना, 10 प्रात्यक्षिक प्रकल्पांना फक्त 150 कोटी. एका प्रकल्पाला मदतीची कमाल मर्यादा अनुक्रमे 150 आणि 15 कोटी. आमच्या मते ही वाटणी उलट्या बाजूला झुकली आहे. स्क्रू कुठे झिजतो ते 15 कोटींत कळतं. तेच 900 कोटींच्या कारखान्यात कळायला लागलं, तर शिकण्याची फी फार महाग पडते.

2024 मध्ये योजनेची मुदत 2028-29 पर्यंत वाढली आणि चालू कारखान्यांना जोडून उभारायच्या प्रकल्पांनाही दार उघडलं. साखर कारखान्यांना हे सोयीचं वाटेल, कारण बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, दारातच असतो, तोही चिरडलेला. पण तोच बगॅस सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये जळून विजेचे पैसे देतो. इथेनॉलला आधी त्या बॉयलरपेक्षा जास्त भाव द्यावा लागेल.