बोरिक पावडर लावलेला तांदूळ सुरक्षित नाही

‘तांदळाला बोरिक पावडर चोळा, वर्षभर कीड नाही, धुतली की निघून जाते.’ बेगमीचा हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. कीड लागत नाही हे खरं, कारण बोरिक हे कीटकनाशकच आहे. झुरळांच्या गोळ्यांतही तेच असतं. अन्नात ते मिसळायला आपल्याकडे परवानगी नाही. पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात, आणि लहान मुलांना धोका सर्वात जास्त. शिजवल्यानं ते नष्ट होत नाही. धुऊन बरंचसं जातं, पण त्याला भरपूर पाणी लागतं. आणि ही साठवण पुरासारख्या ज्या अडचणीच्या दिवसांसाठी, तेव्हा नेमकं स्वच्छ पाणीच नसतं. 2019च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात चहूकडे पाणी होतं, पिण्याच्या पाण्याचे मात्र हाल होते. गव्हातल्या पाऱ्याच्या गोळ्याही टाळाच.

खरा शत्रू ओल. धान्य कडक वाळवा, पूर्ण निवू द्या, मग कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डाळींना एरंडेलाचा हलका हात पुरतो. पॉलिशचा पांढरा तांदूळच घ्या, कोंड्यातल्या तेलामुळे हातसडीचा लवकर खवट होतो. गहू थोडाच ठेवा, वीज गेली की गिरणी बंद. चुलीशिवाय भागावं म्हणून पोहे, चुरमुरे, फुटाणे, गूळ हवेतच.