ग्रॅनाइटच्या पातळ कापाची पार्श्वभूमी

सोलापूरहून रेल्वेने दक्षिणेकडे निघालं की दगड बदलत जातो. आपला काळा बसाल्ट संपतो, वाडीच्या आसपास शहाबादी फरशीचा चुनखडक लागतो आणि यादगीर-रायचूरकडे ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसू लागतात. हा दगड तयार कसा झाला, यावर युरोपात एकेकाळी कडाक्याचा वाद होता. जर्मन भूवैज्ञानिक वेर्नरच्या मते तो आदिसागराच्या पाण्यातून साचला. स्कॉटिश भूवैज्ञानिक हटनने मात्र 1785 मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्टमध्ये दुसऱ्या खडकांत घुसलेल्या ग्रॅनाइटच्या शिरा पाहिल्या आणि तो वितळलेल्या स्थितीत वर आला असं सांगितलं.

नुसत्या डोळ्यांनी हा वाद पुढे सरकणं अवघड होतं. 1828 मध्ये विल्यम निकोलने कॅल्साइट या खनिजापासून प्रकाश ध्रुवित करणारा, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत ठेवणारा, प्रिझम बनवला. मग शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने दगड घासून घासून इतका पातळ केला की त्यातून उजेड आरपार जावा. डोंगराचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाने करायचा, ही कल्पना तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटली. 1858 च्या त्याच्या निबंधाने चित्र पालटलं. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या कणांत त्याला द्रवाने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या सापडल्या आणि त्यांवरून त्याने मांडलं की ग्रॅनाइट घडताना प्रचंड उष्णता आणि दाब होता, शिवाय पाणीही होतं. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे एवढ्याशा पोकळीने दाखवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे झिर्केल आणि रोझेनबुश या जर्मन अभ्यासकांनी या पद्धतीचं शास्त्र केलं. आज काप साधारण 0.03 मिलिमीटर जाडीचा ठेवतात. ध्रुवित प्रकाशात त्यात क्वार्ट्झ राखाडी-पांढरा आणि स्वच्छ दिसतो. प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार गटातल्या खनिजावर समांतर पट्टे येतात. मायक्रोक्लिन या दुसऱ्या फेल्डस्पारवर तर सोलापुरी चादरीच्या ताण्याबाण्यासारखी उभी-आडवी जाळी उमटते. तपकिरी बायोटाइट अभ्रक काप फिरवताना गडद-फिका होतो आणि त्यात झिरकॉन या खनिजाचा कण अडकला असेल, तर किरणोत्सारामुळे त्याभोवती काळसर वलय पडलेलं असतं.

बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळणारी लादी या कसोटीवर बहुधा उतरत नाही. तिच्यात क्वार्ट्झ नसतो किंवा नावापुरता असतो; मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन हे गडद खनिज दिसतात. म्हणजे ती डोलेराइट किंवा गॅब्रो, आपल्या बसाल्टच्याच कुळातली.