मनगटातील सुया: कार्पल टनेल सिंड्रोमवरील ॲक्युपंक्चरची पार्श्वभूमी

मनगटाची हाडे आणि त्यांवरून आडवा गेलेला जाड अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह ही हाताची एक मुख्य नस तळहाताकडे जातात. तिथे सूज आली की सर्वांत आधी ही नर्व्ह चेपली जाते. मग हाताला मुंग्या येऊन रोगी मध्यरात्री जागा होतो आणि हात झटकत बसतो. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. १८८० साली बॉस्टनच्या जेम्स पटनम यांनी रात्रीच्या या त्रासाचे वर्णन केले, पण नर्व्ह नेमकी कुठे चेपते हे शवविच्छेदनातून दाखवले ते फ्रान्समधील पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी, १९१३ साली. निदानाची आजची घडी मात्र १९५० च्या दशकात, मुख्यतः जॉर्ज फेलन यांच्या कामामुळे बसली.

ॲक्युपंक्चरचा, म्हणजे ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याच्या चिनी उपचाराचा, इतिहास याहून कितीतरी जुना आणि पूर्णपणे वेगळ्या वाटेने आलेला आहे. ‘हुआंगदी नेजिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात हृदयावरणाच्या वाहिनीच्या (चिनी वैद्यकाने शरीरात कल्पिलेल्या ऊर्जामार्गांपैकी एकीच्या) विकारांमध्ये तळहाताची आग आणि कोपर व बाहू आखडणे यांचा उल्लेख आहे. याच वाहिनीवरील ‘दालिंग’ हा बिंदू मनगटाच्या घडीवर, दोन कंडरांच्या मधोमध येतो, आणि त्याखालीच मीडियन नर्व्ह असते. तरीही प्राचीन वैद्यांना हा आजार ठाऊक होता, असा अर्थ यातून काढणे योग्य ठरणार नाही. त्यांच्या वर्णनात नर्व्ह ही कल्पनाच नव्हती.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या १९७० च्या दशकानंतर, अमेरिकेत ॲक्युपंक्चरविषयी कुतूहल वाढल्यावर. १९९७ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञसभेने, ज्या विकारांत ते पूरक उपचार म्हणून उपयोगी पडू शकेल त्यांत कार्पल टनेल सिंड्रोमचा समावेश केला, आणि त्यानंतर संशोधनाला वेग आला. २००९ साली तैवानमधील ७७ रुग्णांच्या चाचणीत चार आठवड्यांचे ॲक्युपंक्चर तोंडाने घ्यायच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडइतकेच उपयोगी ठरले.

खरा पेच मात्र बनावट सुईशी, म्हणजे सुई टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या उपचाराशी, तुलना करताना उभा राहतो, आणि म्हणूनच २०१७ चा बॉस्टनमधील अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यातील ८० रुग्णांना आठ आठवड्यांत सोळा वेळा, विद्युतप्रवाह जोडलेल्या सुयांचे खरे किंवा बनावट उपचार दिले गेले. खऱ्या उपचारांत काहींना दुखऱ्या मनगटाजवळ, तर काहींना विरुद्ध पायाच्या घोट्याजवळ सुया टोचल्या. उपचार संपताना त्रास सर्वांचाच कमी झालेला होता. परंतु मनगटातील नर्व्हच्या संवेदनवहनाचा वेग आणि मेंदूतील बोटांचा नकाशा (प्रत्येक बोटाची संवेदना मेंदूत जिथे नोंदली जाते त्या जागांची मांडणी) यांत सुधारणा दिसली ती खऱ्या सुया मिळालेल्यांमध्येच. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अहवालाने) मात्र बारा चाचण्या तपासून उपलब्ध पुरावा कमी किंवा अगदी कमी विश्वासार्हतेचा ठरवला. शिवाय तैवान आणि बॉस्टन येथील रुग्णांचा आजार सौम्य ते मध्यम स्वरूपाचा होता. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू झडू लागलेल्या रुग्णाला हे निष्कर्ष लागू करता येत नाहीत, आणि त्याला डॉक्टर सहसा शस्त्रक्रियेचाच सल्ला देतात.